शेणसड्यावरचा नैवेद्य

आमच्या फ्रीमाँटच्या घरात दोन फ्रीज होते आणि कुठल्या फ्रीजमध्ये काय जाईल यावर आईचा कडक पहारा असे. स्वयंपाकघरातला फ्रीज तिचा. त्यात चक्का, लोणी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर आणि पाहुण्यांसाठी राखलेला आमरस. गराजमधला जुना, घरघरणारा फ्रीज बाबांचा. त्यात कॅलिफोर्नियाभरच्या रँचवरच्या वासरांचं शेण, छोट्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर वासराचा नंबर. एकदा नागपूरची आत्या राहायला आली असताना तिने आईच्या फ्रीजमध्ये जागा नाही म्हणून श्रीखंडाचं पातेलं गराजमध्ये नेऊन ठेवलं. आईने सगळं श्रीखंड सिंकमध्ये ओतलं. "अगं, पिशव्या सीलबंद आहेत," बाबा कळवळून म्हणाले, "श्रीखंडाला काही होत नाही. झालंच तर माझं सॅम्पल खराब होईल." आत्या मात्र मला हळूच म्हणाली, "चांगलं झालं होतं गं. मी चाखलं होतं."

बाबा नागपूरला जनावरांचे डॉक्टर झाले आणि अमेरिकेत येऊन जनावरांची औषधं करणाऱ्या एका कंपनीत लागले. बीफसाठी वाढवलेल्या वासरांच्या पोटात काय काय राहतं, ते आत कसं शिरतं आणि बाहेर कसं काढायचं, हे शोधणं त्यांचं काम. आठवड्यातले निम्मे दिवस ते ट्रक घेऊन डोंगरातल्या रँचवर असत. परत आले की गराजमध्येच बूट काढायचे, कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे आणि अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, असा नियम होता. आमच्या टाउनहाउसला उंबरा नव्हता, तेव्हा आईने लिनोलियम जिथे सुरू होतं ती रेघ उंबरा म्हणून जाहीर केली होती. संध्याकाळी फ्रीवेची एकसुरी घूं चालू असायची, त्यात कुकरची शिट्टी मिसळायची, आणि मग गराजच्या दाराची करकर आली की मी ताटं घ्यायची.

जेवताना बाबा व्याख्यान देत. पोळीचा तुकडा हातात तसाच ठेवून ते आईला म्हणत, "जंत झालेलं वासरू मरत नाही, शैला. तेच तर वाईट आहे. नुसतं वाढत नाही. खातंय, पितंय, आणि दिसतंय मात्र काल होतं तेवढंच." किंवा, "हे रँचर लोक वजन करत नाहीत आणि औषध देतात अंदाजानं. जरासं कमी पडलं की लेचेपेचे जंत मरतात आणि दांडगे राहतात. मंग पुढची सगळी पिलावळ दांडग्यांची. औषध कितीबी ओता." आई म्हणायची, "जेवताना नको." बाबा म्हणायचे, "मंग कधी सांगू? जेवतानाच तर भेटता तुम्ही." हेही खरं होतं. मला मात्र ही व्याख्यानं आवडत. शाळेतल्या मैत्रिणींचे वडील जेवताना सर्व्हर मायग्रेशनबद्दल बोलत. त्यात रक्त नसे.

बाहेरच्या जगात बाबा काय करतात याचं उत्तर आईने एका शब्दात बसवलं होतं. बायोटेक. हळदीकुंकवाला कोणी विचारलं की ती हळदीच्या बोटाने हवेत एक गोल काढून म्हणायची, "बायोटेकमध्ये आहेत," आणि समोरची बाई आदराने मान डोलवायची. 'वासरू' हा शब्द अडीअडचणीला चालायचा. 'बीफ' हा शब्द घरात उच्चारलाच जात नसे. गरज पडली तर 'ते' म्हणायचं. बाबांनी जन्मात कधी 'ते' खाल्लं नव्हतं. आपण वासरं बरी करतो ती शेवटी कुणाच्या ताटात जावीत म्हणून, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "जाईस्तोवर तर त्याचं पोट दुखू नये ना?" एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. माझंही झालं. आईचं कधीच झालं नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्ष होत्या चित्राकाकू. पुण्याच्या, सांता क्लाऱ्यात मोठ्या पदावर, आणि प्रत्येक वाक्य निवेदनासारखं म्हणणाऱ्या. त्या वर्षी त्यांच्या डोक्यात आलं की दिवाळीची सुरुवात वसुबारसेनं करायची आणि तीही ऑथेंटिक. वसुबारसेला बायका गाय आणि तिचं दूधपितं वासरू अशी जोडी पुजतात. तोवर मंडळात ही पूजा फोटोची व्हायची. "आपल्या मुलांनी गाय फक्त दुधाच्या कार्टनवर बघितलीये," काकू आमच्या सोफ्यावर बसून म्हणाल्या. त्यांच्या हातात आईने केलेला साबुदाणा वडा होता. "मला लाइव्ह पाहिजे. सवत्स धेनू. देवतळे, तुमच्या बायोटेकमध्ये काही कॉन्टॅक्ट?"

आईने बाबांकडे डोळे वटारून पाहिलं. बाबांनी वड्याकडे पाहिलं.

"आणि या वर्षी सन्मान तुमचा करायचा म्हणतोय आम्ही," काकू पुढे म्हणाल्या. "शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह."

मंडळाचा सन्मान तोपर्यंत हार्ट सर्जन किंवा व्हाइस प्रेसिडेंट यांच्यापलीकडे कधी गेला नव्हता. बाबांचे कान लाल झाले. "एक वॉल्ट म्हणून रँचर आहे ओळखीचा," ते म्हणाले. "विचारून बघतो." मी आता बाबांच्या तेव्हाच्या वयाला पोचले आहे, चाळिशी उलटली आहे, आणि शाल माणसाचं काय करते ते दोनतीनदा स्वतःच्या खांद्यावर अनुभवलं आहे. ती ऊब देत नाही. घसरू नये म्हणून मान मात्र ताठ धरावी लागते.

जागा मिळाली डॉक्टर प्रधानांकडे. हे मंडळाचे आद्य सन्मानमूर्ती, हार्ट सर्जन, आता निवृत्त. फ्रीमाँटमागच्या टेकड्यांच्या पायथ्याशी त्यांचं ऐसपैस घर होतं आणि आधीच्या मालकाच्या घोड्यांसाठी बांधलेला, कुंपण घातलेला वाडगा मागे रिकामा पडला होता. वॉल्टचा ट्रेलर नवरात्रातच मोकळा होता, म्हणून गायवासरू तेव्हाच आलं. स्वागताला पंधरावीस बायका साड्या नेसून, ताम्हनं घेऊन उभ्या होत्या. ट्रेलरचं दार उघडलं आणि आतून काळीकुळकुळीत, बिनशिंगाची, बिनवशिंडाची, फ्रीजएवढी रुंद अँगस जातीची गाय उतरली. तिच्या पोटाला चिकटून तिच्यासारखंच काळं वासरू.

"ही... गाय आहे ना नक्की?" कोणीतरी विचारलं.

"मला वाटलं होतं कपिला मिळेल," चित्राकाकू म्हणाल्या.

त्यांनी धीर करून कुंकवाचं बोट पुढे केलं. गायीने मान खाली घातली आणि नाकातून असा फूत्कार सोडला की ताम्हनातला अर्धा कुंकवाचा ढीग काकूंच्या पैठणीवर उडाला. वॉल्ट हॅट काढून मला म्हणाला, "तिला माणसं आवडत नाहीत. मलाही ती सहन करते एवढंच." हे मी मराठीत आणलं नाही. वासरू मात्र लोकांच्या काळजाचा तुकडा झालं. पोरं कुंपणाला लटकून "इट्स सो क्यूट" म्हणाली आणि त्याचं नाव नंदी ठेवून मोकळी झाली. वॉल्टने या नंदीला जन्मानंतर लगेचच खच्ची करायचं रबराचं कडं चढवून नंदीपणातून मुक्त केलं होतं, हे बाबांना माहीत होतं. नंदीच्या कानात पिवळा बिल्ला होता, त्यावर नंबर. तो फोटोत बरा दिसत नाही म्हणून काकूंनी त्यावर झेंडूचा गजरा बांधून टाकला.

ठरलं होतं की गायवासरू निवांत ठेवायचं आणि एका संध्याकाळी पूजा करायची. पण सवत्स धेनू गावात आली आहे म्हटल्यावर निवांत कोण ठेवतो? दर शनिवार-रविवार दर्शन सुरू झालं. सांता क्लाऱ्याहून गाड्या यायच्या. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ही गाय दर्शनाखेरीज आणखी एक गोष्ट देते आहे, ती अमेरिकेत कुठल्याच दुकानात मिळत नाही. शेण. ताजं, खरं, फुकट. बायकांना जो आनंद झाला तो मी नंतर फक्त सोन्याच्या दुकानात पाहिला. ज्या बायका घरी डिशवॉशरमध्ये भांडी ठेवताना रबरी हातमोजे घालत, त्यांनी पदर खोचून, शेण पाण्यात कालवून वाडग्याच्या दाराशी सडा घातला, आतली जमीन सारवली, त्यावर गोपद्मांची रांगोळी काढली. वाडग्यातलं शेण उचलायला प्रधानांचा माळी आला तर त्याला परत पाठवलं, कारण पुढच्या शनिवारी लागेल. आणि मग त्या ओल्या, सारवलेल्या जमिनीवर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून नैवेद्य. पुरण, भिजवलेले हरभरे, गूळ. गाय फिरकायची नाही. नंदी पान बाजूला सारून जमीनसुद्धा चाटून साफ करायचा. टाळ्या पडायच्या.

हे बाबांनी पाहिलं तेव्हा मी शेजारी उभी होते. मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, म्हणून मीच ट्रक चालवत आणला होता. बाबांची सगळ्या व्याख्यानांतली पहिली ओळ अशी असायची की वासराचं खाणं आणि शेण यांची गाठ पडू द्यायची नाही. चारा उंच ठेवा. जमीन कोरडी ठेवा. गर्दी करू नका. इथे तर गाठ नुसती पडली नव्हती, तिच्याभोवती रांगोळी काढलेली होती.

"चित्राताई," ते घसा साफ करून म्हणाले, "ते खाणं जमिनीवर नका देऊ. शेणातून रोग जातो पोटात."

"शेणातून?" काकू हसल्या. "देवतळे, तुम्ही पूर्णच अमेरिकन झालात हं. शेण अँटिसेप्टिक असतं. आणि शनिवारी जरा लवकर या, तुमच्या शालीचं मेजरमेंट... म्हणजे स्टेजवर कुठे उभं राहायचं ते बघू."

परतताना गाडीत बाबा म्हणाले, "सांगितलं मी. सांगितलं की नाही?" मी म्हटलं, "सांगितलं."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रधानांचा फोन आला. "देवतळे, वासरू जरा ढिलं वाटतंय." आम्ही तिघंही गेलो, कारण आईला आरतीची ताटं पोचवायची होती. नंदी कुंपणाशी पाठ वाकवून उभा होता. शेपूट वर करून कुंथत होता आणि पातळ, रक्ताळलेली विष्ठा पायांवरून ओघळत होती. आदल्या शनिवारी टाळ्या घेणारं वासरू हेच का, असा प्रश्न पडावा इतके डोळे खोल गेले होते. बाबांनी त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तंबूसारखी तशीच उभी राहिली. "पाणी संपलंय अंगातलं," ते म्हणाले. "आज हात लावला नाही तर जाईल हे."

तोरणं बांधायला मंडळाची कमिटी आलेलीच होती. सगळे भोवती जमले.

"दृष्ट लागली हो," चित्राकाकू म्हणाल्या. "केवढे लोक येऊन गेले."

"सिंपल आहे," डॉक्टर प्रधान म्हणाले. चार दशकं माणसांच्या छातीत हात घातलेला हा गृहस्थ, त्याला पोट म्हणजे खालचा मजला. "जंताचं औषध मारा एक आणि दहीभात द्या."

"हा जंत नाही डॉक्टर," बाबा म्हणाले. "कॉक्सिडिया आहे. डोळ्याला दिसत नाही, आतड्याच्या अस्तरात घुसतो. जंताचं औषध याला चालत नाही. शेणातून बाहेर पडतो, ओलावा मिळाला की तयार होतो, आणि तोंडावाटे परत आत. तीन आठवडे झाले, आपण त्याला पानावर वाढतोय."

"शेण पवित्र असतं, देवतळे."

"असेल. कॉक्सिडियाला कोणी सांगितलं नाही."

कमिटीतला एक जण फिसकन हसला आणि काकूंनी पाहताच तोरणाकडे वळला. "बरं, औषध द्या," त्या म्हणाल्या. "पण उद्या संध्याकाळी उभं राहील ना? दोनच तास. मग झोपू दे."

"नाही. याला आता लोकांपासून दूर, कोरड्यात ठेवायचं. आईजवळ. हात नाही लावायचा कोणी. पूजा पुढच्या आठवड्यात घ्या."

"पुढच्या आठवड्यात? तिथी असते, देवतळे! तिथी अशी कॅन्सल करता येते का?"

खरी वसुबारस त्या मंगळवारी होऊन गेली होती. मंगळवारी केटरर रिकामा नव्हता आणि ऑफिसं होती, म्हणून मंडळाने द्वादशी उचलून शनिवारी ठेवली होती. त्या दिवशी बायका गहू आणि दूध वर्ज्य करतात. आमच्या ऑथेंटिक वसुबारसेचा मेनू श्रीखंडपुरी होता. तिथी केटररसाठी सरकत होती. वासरासाठी ती एकदम खांबासारखी रोवली गेली.

बाबांचे कान पुन्हा लाल झाले, पण या वेळी वेगळे. "चित्राताई, ऐका," ते म्हणाले. "हे वासरू बीफचं आहे. ही गाय बीफची आहे. मी बायोटेकमध्ये नाही. मी बीफच्या वासरांचा डॉक्टर आहे. त्यांच्या पोटातली घाण बघायचे पैसे मिळतात मला. आणि हे वासरू आत्ता माझं पेशंट आहे. उद्या ते स्टेजवर येणार नाही."

"आम्हाला काय कळत नाही का?" डॉक्टर प्रधान खालच्या आवाजात म्हणाले. "पण मुलांसमोर कशाला?"

"आणि स्मृतिचिन्हावर 'बायोटेक' कोरून झालंय," चित्राकाकू म्हणाल्या. त्या खऱ्याच व्यथित दिसत होत्या.

मी आईकडे पाहायचं टाळत होते. इतक्या वर्षांचं हवेतलं हळदीचं वर्तुळ बाबांनी एका दमात पुसलं होतं. आईने आरतीची ताटं बागेतल्या टेबलावर ठेवली. निऱ्या वर खोचल्या. माळ्याने कुंपणाला टेकवलेलं फावडं उचललं आणि वाडग्यात जाऊन ती जमीन खरवडू लागली. सारवण, गोपद्मं, केळीची पानं, सगळं एका ढिगात. जी बाई लिनोलियमच्या रेघेवर बाबांना बाहेर उभं करायची, ती चपलांसकट शेणात उभी होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, औषध द्यायचंय ना? मग द्या की. मधू, उभी काय राहिलीस? तोंड धर त्याचं."

मी नंदीचं डोकं काखेत धरलं. गाय फुसफुसत होती, पण आईने फावडं आडवं धरल्यावर तिने एक पाऊल मागे घेतलं. आईला पाहून मागे सरणारी ती पहिली नव्हती. बाबांनी वासराच्या तोंडाच्या कडेने नळी घातली, औषध दिलं, मग मीठसाखरेसारखं काहीतरी पाण्यातून दिलं. घोड्यांच्या जुन्या शेडमध्ये कोरडा पेंढा पसरून मायलेकरांना तिकडे नेलं. पुढचे दिवस बाबांची दुसऱ्या रँचवर फेरी होती, म्हणून रोज सकाळी शाळेच्या आधी मीच जायची. हळू ओतायचं, त्याला गिळू द्यायचं, ठसका लागला की थांबायचं, एवढंच शिकवलं होतं मला. सुरुवातीला तो उठायचाच नाही. मी नळी काढून त्याच्या बरगड्या हलताहेत का बघत बसायची आणि पहिल्या पिरियडला उशीर व्हायचा. मग एका सकाळी तो मी येण्याआधीच उभा होता आणि आईच्या कासेला धडका देत होता. मला तर त्याने ओळख दाखवली नाही. पुढे मी जनावरांची डॉक्टर झाले का, असं लोक विचारतात. नाही. मी विमा कंपनीत दावे तपासते. पण समोरचा फार पवित्र चेहऱ्याने बोलू लागला की जमिनीवर काय सारवलंय ते मी आधी बघते.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. स्टेजवरच्या मखरात खेळण्यांच्या दुकानातलं कापडी वासरू होतं, काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचं, आणि त्याच्या कानातलं किमतीचं लेबल झेंडूखाली लपवलेलं होतं. श्रीखंड उत्तम होतं म्हणे. बाबांचं स्मृतिचिन्ह नंतर टपालाने आलं. ते गराजमधल्या फ्रीजवर अजून आहे. नंदीला वॉल्ट घेऊन गेला तेव्हा कोणी आलं नव्हतं. झेंडूचा वाळका गजरा त्यानेच कात्रीने कापला, खालचा नंबर वाचला आणि म्हणाला, "वजन धरलंय पोरानं."

पुढच्या दिवाळीला मंडळाने विषय काढला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी, आई चकल्या तळत असताना, फोन वाजला. तिचे हात पिठाचे होते म्हणून मी स्पीकर लावला.

"शैला, हॅपी दिवाळी इन ॲडव्हान्स," चित्राकाकूंचा आवाज. "अगं, या वर्षी परत वसुबारस करतोय. ते नंदी वासरू मिळेल का गं? फोटोत काय गोड आलं होतं. आता कुठे असतं ते?"

तेलात चकल्यांचा चुरचुर आवाज होता. आईने झारा वर धरला.

"खाल्लं असेल कोणीतरी," ती म्हणाली.

"अगं बाई," चित्राकाकू म्हणाल्या. मग जराशा थांबून, "मग दुसरं बघा ना एखादं."

आईने माझ्याकडे पाहिलं. लिनोलियमच्या रेघेपलीकडे बाबा टॉवेल गुंडाळून अंघोळीच्या वाटेवर उभे होते. "देतो म्हणावं," ते तिथून म्हणाले. "पण या टायमाला शेण मी उचलीन."